जोसेफ व्हिटवर्थ

सर जोसेफ व्हिटवर्थ (२१ डिसेंबर, इ.स. १८०३ - २२ जानेवारी, इ.स. १८८७) हे एकोणिसाव्या शतकातील विख्यात इंग्लिश यंत्र अभियंते, यंत्रनिर्माते आणि दानशूर उद्योजक होते. मळसूत्राच्या आट्यांचे संपूर्ण देशाला लागू पडेल असे पहिले प्रमाण त्यांनी इ.स. १८४१ मध्ये मांडले. ५५ अंशांचा कोन आणि गोलसर कडा असलेले हे आटे व्हिटवर्थ आटे म्हणून ओळखले जातात. नट-बोल्टांतून ते आता बहुतांशी हद्दपार झाले असले, तरी पाण्याच्या नळांत आणि जोडण्यांत आजही तेच वापरात आहेत. स्वयंपाकघरातला गळका नळ काढावा, दुकानातून अर्ध्या इंची नवा नळ आणावा आणि तो भिंतीतल्या सॉकेटात फिरवून बसवावा, एवढे सोपे काम भारतातल्या कोणत्याही गावात करता येते ते याच आट्यांमुळे. स्वतः व्हिटवर्थ यांनी घरगुती नळ कधी बनविला नाही. त्यांचे नाव नळाशी जोडले गेले ते केवळ आट्यांमुळे.

बालपण व उमेदवारी

व्हिटवर्थ यांचा जन्म इंग्लंडमधील चेशायर परगण्यातील स्टॉकपोर्ट या गावी झाला. वडील चार्ल्स व्हिटवर्थ हे शिक्षक होते आणि पुढे काँग्रिगेशनल पंथाचे धर्मोपदेशक झाले. आई सारा ही जोसेफ लहान असतानाच वारली. मुलाला ब्रॅडफर्डजवळच्या आयडल येथील एका निवासी शाळेत ठेवण्यात आले. वयाच्या चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि डर्बीशायरमधील मामाच्या सूतगिरणीत त्यांची रवानगी झाली. भाच्याने हिशेब आणि कारभार शिकून पुढे गिरणी सांभाळावी, अशी मामाची अपेक्षा होती. जोसेफ यांचे लक्ष मात्र कारभारापेक्षा यंत्रांकडे होते. गिरणीतील यंत्रे किती ओबडधोबड बनविलेली आहेत, हे त्यांना तिथेच उमगले. सुमारे चार वर्षांनी त्यांनी गिरणी सोडली आणि मँचेस्टरला जाऊन एका यंत्रशाळेत साधा कारागीर म्हणून काम पत्करले.

इ.स. १८२५ मध्ये त्यांचा विवाह फॅनी अँकर्स या नावाड्याच्या मुलीशी झाला आणि त्याच सुमारास हे जोडपे लंडनला गेले. लंडनमध्ये लॅम्बेथ भागात हेन्री मॉडस्ले यांची यंत्रशाळा होती. अचूक लेथ बनविण्यात मॉडस्ले यांचा हात धरणारा त्या काळी कोणी नव्हता. एकाच मापाच्या सर्व बोल्टांवर एकसारखे आटे असावेत, ही शिस्त त्यांनी आपल्या यंत्रशाळेपुरती आधीच घालून दिली होती. पुढे व्हिटवर्थ यांनी हॉल्टझाप्फेल आणि नंतर जोसेफ क्लेमंट यांच्याकडे काम केले. चार्ल्स बॅबेज यांच्या गणनयंत्राचे भाग क्लेमंट यांच्याच यंत्रशाळेत तयार होत होते. त्यामुळे त्या युगातील सर्वांत सूक्ष्म यंत्रकाम व्हिटवर्थ यांना जवळून पाहावयास मिळाले. एका अर्थी हीच त्यांची विद्यापीठे होत.

इ.स. १८३३ मध्ये ते मँचेस्टरला परतले. चॉर्ल्टन स्ट्रीटवर वाफेच्या शक्तीची सोय असलेली एक जागा त्यांनी भाड्याने घेतली आणि आपण लंडनहून आलेले हत्यारनिर्माते आहोत, अशी पाटी दारावर लावली.

सपाट पृष्ठ आणि मोजमाप

यंत्राचे दोन भाग एकमेकांवर घट्ट बसावयाचे, तर दोन्ही पृष्ठे खरोखरीच सपाट हवीत. त्या काळी दोन पत्रे कुरुंदाची पूड घालून एकमेकांवर घासत आणि ते जुळले की सपाट झाले असे समजत. या रीतीत एक मोठा दोष होता. एक पत्रा मध्ये किंचित फुगीर आणि दुसरा तितकाच खोलगट असला, तरी दोन्ही उत्तम जुळतात. पण सपाट एकही नसतो. व्हिटवर्थ यांनी दोनऐवजी तीन पत्रे घेण्याची पद्धत रूढ केली. पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी आणि तिसरा पहिल्याशी जुळला पाहिजे, अशी अट घातली की फुगीरपणाला लपावयास जागाच उरत नाही. पत्र्यावर रंगाचा पातळ हात फिरवावयाचा, दुसरा पत्रा त्यावर टेकवावयाचा आणि जिथे रंग लागेल तेवढाच उंचवटा खरवडीने खरवडून काढावयाचा, अशी ही पद्धत होती. कुरुंदाने घासण्याऐवजी खरवडणे हा यातील महत्त्वाचा बदल होय. या पद्धतीची मुळे मॉडस्ले यांच्या यंत्रशाळेत होती, त्यामुळे तिचे श्रेय नेमके कोणाचे याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र इ.स. १८४० मध्ये ग्लासगो येथे ब्रिटिश असोसिएशनपुढे निबंध वाचून ती जगापुढे आणली ती व्हिटवर्थ यांनीच.

मापनातही त्यांनी असेच मूलगामी काम केले. पट्टीवरच्या रेघा डोळ्यांनी वाचण्यापेक्षा वस्तूच्या दोन टोकांना स्पर्श करून माप घेणे अधिक विश्वासार्ह, असे त्यांचे मत होते. या तत्त्वावर त्यांनी बनविलेले मापनयंत्र इंचाच्या दहा लक्षांश भागाचा फरक दाखवीत असे. त्यातील मळसूत्राला एका इंचात २० आटे होते, ते फिरविणाऱ्या चाकाला २०० दाते होते आणि त्या चाकाला फिरविणाऱ्या तबकडीवर २५० भाग कोरलेले होते. या तीन संख्यांचा गुणाकार बरोबर दहा लक्ष होतो. शाळेतल्या मुलांनाही पडताळून पाहता येईल इतका हा हिशेब सरळ आहे. यातील खरी किमया तबकडीत नसून त्या एका मळसूत्राच्या निर्दोषपणात होती. इंचाचे पाव, अष्टमांश, षोडशांश असे तुकडे पाडण्यापेक्षा सहस्रांशात माप सांगावे, असा त्यांचा आग्रह असे. इंचाच्या सहस्रांश भागाला थाउ म्हणण्याचा प्रघात कारखान्यांत त्यातूनच पसरला.

आट्यांचे प्रमाणीकरण

मराठीत ज्याला आटा म्हणतात, तो म्हणजे दांड्यावर गुंडाळत वर चढणारा उतारच होय. हा उतार किती चढा, खाच किती खोल आणि खाचेच्या दोन भिंतींमधला कोन किती, या तीन गोष्टी ठरल्या की आटा ठरला. इ.स. १८४० पूर्वी या तिन्ही गोष्टी ज्याच्या त्याच्या मर्जीवर होत्या. प्रत्येक यंत्रशाळेची डाय वेगळी आणि टॅपही वेगळा. कित्येकदा एकाच यंत्रावरचे दोन नटही परस्पर बदलता येत नसत; यंत्र खोलताना कोणता नट कोणत्या बोल्टाचा, याची खूण करून ठेवावी लागे. दूर कुठे एखाद्या गिरणीत बोल्ट तुटला, तर ज्या कारखान्यात यंत्र बनले तिथूनच नवा बोल्ट मागवावा लागे. तो कारखाना बंद पडला असेल, तर प्रश्नच मिटला. आगगाडीचा विस्तार होऊ लागला तशी ही अडचण असह्य झाली. मँचेस्टरमध्ये बनलेले इंजिन बिघडते लंडनजवळ, आणि दुरुस्त होते तिसऱ्याच गावी.

व्हिटवर्थ यांनी इंग्लंडमधील निरनिराळ्या यंत्रशाळांतून बोल्ट गोळा केले, प्रत्येकाचे आटे मोजले आणि त्यांची सरासरी काढली. एक इंच व्यासाच्या मळसूत्रांतील कोनांची सरासरी सुमारे ५५ अंश आली. तोच कोन त्यांनी सर्व मापांसाठी निश्चित केला. आट्याचा वरचा माथा आणि खालची खाच यांची टोके एकषष्ठांश भागापुरती गोलाविली, म्हणजे धार बोथटण्याचा अथवा खाचेच्या तळाशी तडा जाण्याचा धोका कमी होतो. मग व्यासानुसार आट्यांची संख्या ठरविणारा तक्ता तयार केला. पाव इंची बोल्टाला इंचामागे २० आटे, अर्ध्या इंचीला १२, एक इंचीला ८. हा तक्ता त्यांनी इ.स. १८४१ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनियर्स या संस्थेपुढे मांडला.

या तक्त्याविषयी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जो मनुष्य दहा लक्षांश इंचासाठी झटत होता, त्याने येथे सर्वोत्तम आटा कोणता याचा शोध घेतलाच नाही. बळकटी, टिकाऊपणा आणि घर्षण यांच्या मागण्या परस्परविरोधी असल्याने सर्व बाजूंनी उत्तम असा आटा गणिताने सिद्ध करता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी कारागिरांच्या हाती जे आधीपासून होते त्याचाच मध्य काढला. कोणत्याही यंत्रशाळेला आपली पद्धत पूर्णपणे टाकून द्यावी लागली नाही. थोडी इकडे, थोडी तिकडे सरकवावी लागली. शिवाय नव्या प्रमाणाचे टॅप, डाय आणि गेज हे व्हिटवर्थ यांच्याच कारखान्यात विकत मिळत. परमार्थाबरोबर येथे व्यवहारही साधला गेला.

रेल्वे कंपन्यांनी हे प्रमाण प्रथम उचलले आणि इ.स. १८६० च्या सुमारास ते ब्रिटनमध्ये सर्वत्र रुळले. क्रिमियाच्या युद्धात त्याची कसोटी लागली. आरमाराला ९० तोफनौकांसाठी वाफेची इंजिने तातडीने हवी होती आणि कोणत्याही एका कारखान्याला ते काम झेपणारे नव्हते. ग्रिनिच येथील जॉन पेन यांनी एक इंजिन सुटे करून त्याचे भाग नमुन्यादाखल वेगवेगळ्या यंत्रशाळांकडे पाठविले. सर्वांचे आटे आणि मापे एकच असल्यामुळे ठिकठिकाणांहून आलेले भाग एकमेकांत बसले आणि सुमारे तीन महिन्यांत इंजिने तयार झाली.

अमेरिकेने मात्र निराळी वाट धरली. फिलाडेल्फियाचे विल्यम सेलर्स यांनी इ.स. १८६४ मध्ये ६० अंश कोनाचा आणि सपाट माथ्याचा आटा सुचविला. ५५ अंशांचा कोन मोजण्यास कठीण आणि गोलाई घडविण्यास खर्चिक, हा त्यांचा आक्षेप होता. तो खोटा नव्हता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन यंत्रांचे सुटे भाग एकमेकांना लागेनात, तेव्हा या दोन वाटांची किंमत कळून आली. इ.स. १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा या देशांनी ६० अंशांचा संयुक्त आटा मान्य केला. इ.स. १९६५ मध्ये ब्रिटिश मानक संस्थेने नव्या कामासाठी व्हिटवर्थ आट्यांचे बोल्ट कालबाह्य ठरविले.

कारखाना, प्रदर्शने आणि शस्त्रे

चॉर्ल्टन स्ट्रीटवरचा कारखाना लवकरच भरभराटीस आला. लेथ, रंधायंत्रे, छिद्रयंत्रे आणि खाचयंत्रे ही तेथील मुख्य उत्पादने होती. मध्यंतरी त्यांनी रस्ते झाडणारी घोड्याची गाडीही बनविली आणि मँचेस्टरचे रस्ते काही काळ तिने झाडले गेले. इ.स. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात त्यांची यंत्रे आणि मापनयंत्र यांना पदके मिळाली आणि युरोपातील अग्रगण्य हत्यारनिर्माते अशी त्यांची ख्याती झाली. इ.स. १८५३ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना न्यूयॉर्कच्या औद्योगिक प्रदर्शनासाठी आयुक्त म्हणून धाडले. प्रदर्शन वेळेवर उघडले नाही, तेव्हा रिकाम्या वेळात त्यांनी अमेरिकेतील कारखाने पाहिले आणि त्यांवर लिहिलेला अहवाल पुढे महत्त्वाचा ठरला. इ.स. १८५६ मध्ये ते इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनियर्सचे अध्यक्ष झाले. इ.स. १८५७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

युद्धकाळात सरकारने बंदुकीच्या नळ्या बनविणाऱ्या यंत्रांविषयी त्यांचा सल्ला मागितला. नळी कशी असावी हेच जिथे नक्की माहीत नाही, तिथे यंत्र कशाचे बनवावयाचे, असा पवित्रा त्यांनी घेतला आणि सरकारी खर्चाने मँचेस्टरजवळील आपल्या घराच्या आवारात ५०० यार्ड लांबीची बंदिस्त चाचणीशाळा उभारली. बऱ्याच प्रयोगांनंतर षट्कोनी छिद्राची, ०.४५१ इंच मापाची बंदूक तयार झाली. इ.स. १८५७ च्या चाचण्यांत तिने सैन्याच्या ०.५७७ इंची एनफिल्ड बंदुकीला अचूकतेत सहज मागे टाकले. तरीही सैन्याने ती स्वीकारली नाही. छिद्र लहान असल्याने ती दारूच्या काजळीने लवकर चोंदे आणि बनविण्यास महागही पडे. इ.स. १८६० मध्ये विम्बल्डन येथील नॅशनल रायफल असोसिएशनच्या पहिल्या स्पर्धेचे उद्घाटन व्हिक्टोरिया राणीने व्हिटवर्थ बंदुकीनेच केले. घोडीवर पक्की बसविलेल्या त्या बंदुकीची गोळी ४०० यार्डांवरील लक्ष्याच्या मध्याजवळ लागली. अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेकडील नेमबाजांनी ही बंदूक वापरली. पुढे त्यांनी तोफाही बनविल्या. त्यावरून विल्यम आर्मस्ट्राँग यांच्याशी दीर्घकाळ स्पर्धा आणि सरकारशी कटुता निर्माण झाली. वितळलेल्या पोलादावर प्रचंड दाब देऊन त्यातील हवेचे बुडबुडे काढण्याची त्यांची पद्धत मात्र तोफांच्या पलीकडेही उपयोगी ठरली.

व्हिटवर्थ यांच्या कार्याकडे एकत्र पाहिले असता एक विसंगती नजरेस येते. बंदुकीत त्यांनी कसलीही तडजोड केली नाही आणि ती नाकारली गेली. आट्यांत त्यांनी तडजोडच प्रमाण म्हणून मांडली आणि ती साऱ्या साम्राज्यात पसरली.

स्वभाव, शिष्यवृत्ती आणि अखेर

व्हिटवर्थ स्वभावाने हट्टी आणि तुसडे होते. आपल्या आराखड्यात एका रेघेचाही फेरफार त्यांना खपत नसे आणि सरकारी अधिकाऱ्यांशी त्यांचे सहसा पटले नाही. संसारही सुखाचा म्हणता येणार नाही. पती-पत्नी उत्तरायुष्यात विभक्त राहत होते. लंडनच्या उमेदवारीच्या दिवसांत त्यांच्यासोबत राहिलेल्या फॅनी इ.स. १८७० मध्ये वारल्या. त्याच्या आदल्याच वर्षी व्हिटवर्थ यांना बॅरोनेट हा किताब मिळाला होता. इ.स. १८७१ मध्ये त्यांनी मेरी लुईसा ऑरेल या विधवेशी दुसरा विवाह केला आणि डर्बीशायरमधील डार्ली डेल येथील स्टॅन्क्लिफ हॉल या वाड्यात वास्तव्य केले. त्यांना अपत्य नव्हते. त्यामुळे किताब त्यांच्याबरोबरच संपला.

शिक्षणाविषयी मात्र त्यांची दृष्टी उदार होती. इ.स. १८६८ मध्ये त्यांनी दरसाल १०० पौंडांच्या ३० शिष्यवृत्त्या सुरू केल्या. पुस्तकी ज्ञान आणि हातातील कसब या दोहोंची परीक्षा देणाऱ्या तरुणांसाठी त्या होत्या. उमेदवाराने गणित आणि यांत्रिकी तर जाणावीच, पण कानस आणि छिन्नीही चालवून दाखवावी, अशी त्यांची अट असे. या शिष्यवृत्त्या आजही दिल्या जातात.

प्रकृतीच्या कारणास्तव ते हिवाळ्यात भूमध्य सागराच्या किनारी जात. तिथेच माँटे कार्लो येथे २२ जानेवारी, इ.स. १८८७ रोजी त्यांचे निधन झाले. डार्ली डेल येथे त्यांचे दफन करण्यात आले. त्यांच्या प्रचंड संपत्तीचा मोठा भाग मृत्युपत्राच्या विश्वस्तांनी लोककार्याला लावला. मँचेस्टरमधील व्हिटवर्थ उद्यान आणि व्हिटवर्थ कलादालन, डार्ली डेलमधील व्हिटवर्थ संस्था, तसेच पुढे क्रिस्टी या नावाने प्रसिद्ध झालेले कर्करोग रुग्णालय यांना या पैशाचे साहाय्य झाले. त्यांची कंपनी इ.स. १८९७ मध्ये जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या, म्हणजे आर्मस्ट्राँग यांच्या, कंपनीत विलीन झाली.

घरगुती नळ आणि व्हिटवर्थ आटे

पूर्वीच्या तोटीत आडवे छिद्र असलेली निमुळती खुंटी असे. ती पाव वळसा फिरविली की पाणी सुरू होई, परत फिरविली की एकदम थांबे. मोठ्या दाबाचे पाणी घरोघरी येऊ लागल्यावर ही खुंटी गळू लागली आणि पाणी अचानक अडल्याने नळांना हादरे बसू लागले. इ.स. १८४५ मध्ये रॉदरहॅम येथील गेस्ट अँड क्राइम्स या पितळकामाच्या कारखान्याने मळसूत्राने दाबून बंद होणाऱ्या नळाचे पेटंट घेतले. यात मूठ फिरविली की मळसूत्री दांडा खाली उतरतो आणि त्याच्या टोकाशी असलेली चकती पाण्याच्या छिद्राच्या कडेवर दाबून बसते. त्या चकतीलाच आपल्याकडे वायसर म्हणतात. दांडा सावकाश उतरत असल्याने पाणीही सावकाश थांबते. आपल्या घरांत अगदी अलीकडेपर्यंत सर्रास दिसणारा पितळी नळ तो हाच.

मळसूत्री नळ आणि प्रमाण आटा यांची ही जवळजवळ एकाच काळात झालेली निर्मिती पुढे एकत्र आली. बोल्टांसाठी ठरविलेले आटे पाइपवर जसेच्या तसे चालत नाहीत, कारण पाइपची भिंत पातळ असते आणि खोल खाच पाडली तर ती फाटते. म्हणून पाइपसाठी कोन आणि गोलाई व्हिटवर्थ यांचीच ठेवून आटे अधिक दाट करण्यात आले. अर्ध्या इंची तसेच पाऊण इंची पाइपला इंचामागे १४ आटे असतात, एक इंचीला ११. हे प्रमाण ब्रिटिश स्टँडर्ड पाइप या नावाने, संक्षेपाने बीएसपी म्हणून, ओळखले जाते.

येथे सामान्य ग्राहकाचा नेहमी एक गोंधळ होतो. सुतारी आणि लोहारी कामात एक सूत म्हणजे इंचाचा अष्टमांश. त्या हिशेबाने चार सुती बोल्ट मोजला तर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर भरतो. पण अर्ध्या इंची नळाच्या आट्यांवर पट्टी धरली, तर बाहेरचा व्यास सुमारे २१ मिलिमीटर येतो. कारण पाइपचे माप हे जुन्या लोखंडी पाइपच्या आतल्या पोकळीवरून पडलेले नाव आहे. आटे तर बाहेरच्या अंगाला पडतात. पाइपची भिंत पुढे पातळ झाली, पाइप प्लॅस्टिकचे झाले, तरी नाव आणि आटे दोन्ही तसेच राहिले.

भारतात हे आटे ब्रिटिश यंत्रसामग्रीबरोबर आले. इ.स. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि इ.स. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने मुंबईत आले, तो काळ इंग्लंडमध्ये व्हिटवर्थ प्रमाण दृढ होण्याचाच होता. स्वातंत्र्यानंतर इ.स. १९५६ च्या कायद्याने देशाने मेट्रिक मापे स्वीकारली आणि बोल्ट यथावकाश मिलिमीटरमध्ये आले. पाइपचे आटे मात्र बदलले नाहीत. भिंतीभिंतींत गाडलेल्या लक्षावधी सॉकेटांना न जुळणारा नळ कोण घेणार? भारतीय मानक आयएस ५५४ मध्ये पाइपच्या आट्यांचा तोच ५५ अंशांचा कोन आहे, आणि आंतरराष्ट्रीय मानकांनीही तो कायम ठेवला आहे.

नळ गळतो तो साधारणपणे तीन ठिकाणी. बंद केल्यावरही तोंडातून थेंब पडत असतील, तर वायसर झिजलेला असतो किंवा ज्या कडेवर तो बसतो ती कड खाल्लेली असते. मुठीखालून पाणी येत असेल, तर दांड्याभोवतीचे भरण सैल झालेले असते. तिसरी गळती भिंतीजवळ, आट्यांतून होते, आणि तिचे कारण आट्याच्या रचनेतच आहे. नर आणि मादी आटे कितीही अचूक असले, तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म पोकळी उरते, आणि ही पोकळी मळसूत्राप्रमाणेच गोल फिरत बाहेरपर्यंत पोहोचते. पाणी त्या वाटेने जिना उतरावा तसे येते. ती वाट बुजविण्यासाठी पूर्वी आट्यांवर सफेदा लावून सुतळीचे तंतू गुंडाळीत. आता टेफ्लॉनची पांढरी फीत गुंडाळतात. नळाच्या आट्यांचे टोक आपल्याकडे धरून फीत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळावी लागते; उलट गुंडाळली तर नळ बसविताना ती सुटून गोळा होते. नळ बसल्यावर तोंड खाली आणण्यासाठी तो उलटा फिरविला, तर फीत आपली जागा सोडते आणि गळती परत सुरू होते. म्हणून तोंड सरळ करावयाचे ते पुढेच फिरवून. अर्थात यापूर्वी टाकीकडून येणारा कॉक बंद केलेला असावा लागतो.

परदेशातून आणलेले काही अमेरिकन नळ आपल्या सॉकेटात पहिले चार-दोन आटे सहज जातात आणि मग अडतात. अर्ध्या इंची मापाला तिथेही इंचामागे १४ आटेच असतात, पण कोन सेलर्स यांच्या परंपरेतला ६० अंशांचा असतो. अशा जोडाला कितीही फीत गुंडाळली, तरी भरवसा देता येत नाही; मध्ये योग्य जोडतुकडा घालावा लागतो.

आजच्या पाव वळशाच्या नळांत वायसरऐवजी चिनीमातीच्या दोन चकत्या असतात. त्यांचा संच, म्हणजे स्पिंडल, प्रत्येक उत्पादकाचा वेगळा असतो: उंची निराळी, दात्यांची संख्या निराळी. एकाचा स्पिंडल दुसऱ्याच्या नळात बहुधा बसत नाही आणि जुना नमुना बंद झाला असेल, तर तो कुठेच मिळत नाही. इ.स. १८४१ पूर्वी बोल्टांची जी अवस्था होती, ती येथे जशीच्या तशी पाहावयास मिळते. नुसता स्पिंडल बदलून भागले असते, तिथे पुष्कळदा सबंध नळ बदलावा लागतो. दुकानदाराकडे जाताना जुना स्पिंडल सोबत न्यावा लागतो. जुना नळ न्यावा लागत नाही, अर्धा इंची एवढे सांगितले की पुरते.